अंगणातली कास्कारिया

ओब्दूलिया सारांगोनं डोंगरावरच्या कामाच्या पहिल्याच महिन्यात एक अख्खा उतार साफ करून टाकला, आणि तो चुकीचा साफ केला. राष्ट्रीय उद्यानाच्या टोळीत कामाला घेताना तिला सांगितलं होतं की बाहेरून येऊन रान दाबणाऱ्या कास्कारियाची रोपं मुळासकट उपटायची, त्यांची पानं लालसर असतात. बाईनं लालसर दिसेल ते उपटलं. दुपारी टोळीची मुकादम यादिरा चढण चढून वर आली तेव्हा ओब्दूलिया ढिगाशेजारी घाम पुसत उभी होती, शाबासकीची वाट बघत.

यादिरानं ढिगातलं एक रोप उचललं, मग दुसरं उचललं, आणि ती खाली बसलीच.

"बाई, ही मिकोनिया होती. आपली. या बेटांशिवाय जगात कुठं होत नाही."

"लाल होती की."

"लाल तर माझ्या आजोबांचं नाकपण होतं. त्यांना उपटलं का कोणी?"

टोळीतली माणसं हसली. सगळ्यांत जास्त हसला तो वॉशिंग्टन, किनाऱ्यावरून आलेला, अंगानं आडवा आणि तोंडानं त्याहून मोठा. ओब्दूलिया हसली नाही. तिनं ढिगातली जिवंत वाटणारी रोपं निवडली आणि धुकं उतरेपर्यंत एकेक परत मातीत खोचत बसली. बरीचशी मेली. त्या जागेला टोळीनं 'ओब्दूलियाचा उतार' असं नाव ठेवलं, आणि असली नावं आमच्या सांताक्रूझ बेटावर एकदा चिकटली की सुटत नाहीत.

त्यानंतर मात्र तिची चूक झाली नाही. मिकोनियाच्या पानात देठापासून टोकापर्यंत धागे ओढल्यासारख्या लांब शिरा जातात. कास्कारियाच्या शिरा मधल्या कण्यातून माशाच्या काट्यासारख्या बाजूला फुटतात. हे तिनं डोळ्यांनी पाठ केलं आणि मग बोटांनी पाठ केलं, कारण डोंगरावर वर्षातले कित्येक महिने धुकं इतकं दाट असतं की स्वतःचा हातही उसना वाटतो.

खरं म्हणजे कास्कारिया तिला नवी नव्हती; त्या पहिल्या महिन्यात तिनं सांगितलेला रंग तेवढा बघितला, पान उलटून बघायचं राहिलं. ती मूळची लोहा प्रांतातली, मुख्य भूमीवरच्या डोंगराळ मुलखातली. तिचे वडील रानात जाऊन कास्कारियाची साल काढून आणायचे, तीच ती कडू साल जिच्यापासून हिवतापावरचं क्विनाईन होतं. शाळेत त्या झाडाला देशाचं झाड म्हणून शिकवायचे आणि लोह्याची पोरं ते स्वतःच्या घरचं असल्यासारखी छाती काढून ऐकायची. पुढं मोठा दुष्काळ पडला. मक्याचं बी पेरायचं आणि वाट बघायची, एवढंच काम उरलं. गावंच्या गावं उठली. कोणी जंगलाकडं गेलं, कोणी बोटीत बसून बेटांवर आलं. ओब्दूलियाचा नवरा सेराफिन आधी आला, ती मागून मालवाहू बोटीनं आली, वाटेत पोटातलं सगळं समुद्राला देऊन.

सेराफिननं बेयाविस्ता गावाच्या वरच्या अंगाला जमीन धरली. कॉफी लावली, चार गाई ठेवल्या. एकदा तो हरवलेलं वासरू शोधत डोंगराच्या माथ्याकडं गेला आणि परत आला तेव्हा खांद्यावर वासरू नव्हतं, रोप होतं.

"ओळख बघू," तो म्हणाला.

ओब्दूलियानं पान उलटून पाहिलं. "कास्कारिया."

"देशाचं झाड. इथंपण आपल्या आधी येऊन बसलंय."

त्यानं ते अंगणात लावलं, स्वयंपाकघराच्या दारासमोर. रोप वाढलं, झाड झालं, त्याला गुलाबी-पांढरी वासाची फुलं यायला लागली. सेराफिन दुपारची कॉफी त्याच्याखालीच प्यायचा. लोह्याकडचं कोणी भेटायला आलं की आधी झाड दाखवायचा, मग मुलं.

आम्हा वस्तीवरच्या लोकांची रानाची वाटणी तेव्हा सोपी होती. देणारी झाडं आणि न देणारी झाडं. पेरू देतो, ब्लॅकबेरी देते, हत्तीगवत गाईंना पुरतं, म्हणून ही सगळी चांगली. घाणेरीसुद्धा चालते, कारण कुंपणाला होते. बेटाची स्वतःची झाडं मात्र मुखदुर्बळ. लेचोसो म्हणजे छत्रीसारखा पसरणारा चिकाचा वृक्ष, पण त्याला फळ नाही आणि लाकूडही ढिसूळ. सेराफिन त्याला 'सरकारी नोकर' म्हणायचा, नुसता उभा राहतो म्हणून. पेरू आणि ब्लॅकबेरी बाहेरून आलेली, रान खाऊन टाकणारी झाडं, हे राष्ट्रीय उद्यानाची माणसं सांगायला लागली तेव्हा लोकांना राग आला. बाहेरून तर आपणही आलोय, असं प्रत्येकजण म्हणायचा. हे वाक्य बेयाविस्तात प्रत्येक दुकानात फुकट मिळतं आणि आजवर त्यातून कुणाचं काही भलं झालेलं मी पाहिलं नाही. आपण निदान वाऱ्यानं पसरत नाही.

मुलं बंदरात आपापल्या संसाराला लागली, घर रिकामं झालं, तेव्हा ओब्दूलिया उद्यानाच्या टोळीत कामाला लागली. सेराफिननं कुरकुर केली. "लोह्याची बाई, आणि कास्कारिया मारायच्या कामावर?" पण कॉफीला भाव नव्हता आणि ओब्दूलियाला घरात बसून भिंती मोजायच्या नव्हत्या. मोठ्या झाडाला बुंध्याशी कोयत्यानं खाचा पाडायच्या, त्यात बाटलीतलं औषध सोडायचं. नुसतं तोडलं तर बुंध्यातून, मुळांतून दहा फुटवे येतात, म्हणून औषध. लहान रोपं हातानं उपटायची. असं वर्षानुवर्षं.

आणि मग झालं असं की बाईला डोंगर आवडायला लागला. आधी तिचं तिलाच पटेना. मिकोनियाचं झुडूप काही देत नाही. फळ बोराएवढंही नाही, ते पाखरं खातात. पण त्याच्या मुळांशी समुद्रपक्षी बिळं करतात, दिवसभर लांब समुद्रावर राहून अंधारात घरी येतात, आणि आत कापसाच्या बोळ्यासारखं पिल्लू असतं. झुडपाला जांभळट फुलं आली की सगळा उतार रंगतो आणि बघायला कुत्रंसुद्धा नसतं. झाडाएवढ्या वाढणाऱ्या नेच्यांच्या पानांवरून धुक्याचं पाणी टपटपत असतं. ओब्दूलिया भाकरतुकडा खायला त्याच जागी बसायची, आपल्या उतारावर. तिनं नासवलेला तो उतार हळूहळू भरून आला होता. आधी शेवाळ, मग नेचे, मग कडेनं मिकोनिया आत सरकत आली. एकदा तिनं तिथं नवीन बीळ पाहिलं, तोंडाशी ताजी माती. त्या दिवशी घरी जाऊन तिनं सेराफिनला सांगितलं.

"पक्षी राहायला आलाय माझ्या उतारावर."

"भाडं देतो का?" सेराफिन म्हणाला.

यानंतरच्या उन्हाळ्यात त्या उतारावर कास्कारियाची रोपं उगवली. एखाददुसरं नाही, हरळीसारखी. टोळीनं उपटली. पुढच्या फेरीला तितकीच पुन्हा होती. आसपासची सगळी मोठी झाडं तर कधीच मारून झाली होती. यादिरा उतारावर उभी राहून खाली बघत राहिली. खाली बेयाविस्ताची पत्र्याची छपरं दिसत होती आणि त्यांत एका अंगणात उंच, लालसर पानांचं एकच झाड.

"बाई," ती म्हणाली, "वारा समुद्राकडून येतो, तुमच्या अंगणावरून वर येतो. मला आणखी काही बोलायचं नाही."

वॉशिंग्टनला मात्र बोलायचं होतं. "नवरा पेरतो, बायको उपटते. घरातल्या घरात रोजगार. आमच्या बायकोला असं काही सुचत नाही."

कुंपणाच्या आतलं झाड मालकाच्या मर्जीशिवाय कोणी तोडू शकत नाही. यादिरा दोनदा घरी येऊन गेली. सेराफिननं तिला कॉफी पाजली, झाडाखालीच बसवून, आणि नाही म्हणाला. ओब्दूलियानं सांगून पाहिलं. जेवताना सांगितलं, गाई बांधताना सांगितलं, भांडूनही सांगितलं. सेराफिनचं उत्तर ठरलेलं. "त्या डोंगराएवढ्या डोंगरात माझं एक झाड जड झालं का तुम्हाला?"

शेवटी यादिरानं टोळीला सांगितलं की माणसं कमी आहेत, पलीकडच्या कड्याचं काम पुढं ढकलून याच उतारावर परत परत येणं परवडत नाही. बी येतच राहणार असेल तर पुढच्या पावसाळ्यापासून ही बाजू सोडून द्यायची. तिनं ओब्दूलियाकडं बघितलं नाही, आणि ते न बघणंच बाईला लागलं. सोडून द्यायची म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. चार-पाच वर्षांत तिथं कास्कारियाचं दाट रान होणार, खाली सावली, सावलीत मिकोनिया मरणार, बिळं ओस पडणार.

सेराफिनच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. मुलीनं त्याला डॉक्टरांना दाखवायला बंदरात बोलावून घेतलं. तो सकाळच्या गाडीनं गेला. ओब्दूलियानं भांडी घासली, कोंबड्यांना दाणे टाकले, आणि मग कोयता आणि कामावरची बाटली घेऊन झाडामागं गेली. समोरून दिसू नये म्हणून कॉफीच्या झुडपांच्या बाजूला, अगदी जमिनीलगत, बुंध्याला खाचा पाडल्या. सालीचा कडू वास आला. तिच्या वडिलांच्या कपड्यांना यायचा तोच. तिनं औषध सोडलं, वर चिखल थापला, चिखलावर शेवाळ दाबलं. काम नेहमीसारखं चोख झालं. फक्त हात धुताना तिला वाटलं की कोणीतरी बघतंय, आणि वळून पाहिलं तर गाय होती.

मी तिची बाजू घेणार नाही. उतार वाचवायचा होता, मान्य. पण नवरा डोळे दाखवायला गेलेला असताना त्याच्या पाठीमागं त्याचं झाड मारणं, याला आमच्याकडं चांगला शब्द नाही.

झाड एकदम मेलं नाही. आधी पानं पिवळी पडली, मग गळायला लागली. सेराफिननं मुंग्यांना शिव्या दिल्या. राख टाकली. शेणखत टाकलं. गुडघे दुखत असताना टाकीतून बादल्या भरभरून पाणी घातलं, धुक्याच्या दिवसांत, जेव्हा जमीन आधीच चिंब होती. ओब्दूलिया कामावरून आली की तो दारातच उभा असायचा.

"तू दिवसभर झाडांतच असतेस. सांग ना, काय झालंय याला?"

"वय झालं असेल."

"वय माझंपण झालंय. माझी पानं गळली का?"

त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता. एरवी ओब्दूलियानं हे सोडलं नसतं. ती आत जाऊन हिरव्या केळ्यांचं सूप ढवळत बसली.

मरणारं झाड जाता जाता लेकुरवाळं होतं, हे टोळीत सगळ्यांना माहीत होतं. तिच्या लक्षात राहिलं नाही. वरच्या उरल्यासुरल्या फांद्यांवर बोंडांचे घोस लागले. सेराफिननं शिडी लावली. एके दुपारी ती आली तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बोंडं फोडत होता आणि आतलं बी दूध पावडरीच्या रिकाम्या डब्यात झटकत होता. कास्कारियाचं बी म्हणजे बी कसलं, कागदाचा कपटा. फुंकर बसली तरी उडतं.

"यावेळी चार लावतो," तो म्हणाला. त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसत होता. "एक गेलं तरी तीन राहतील. दोन इकडं, दोन गोठ्यामागं."

ओब्दूलियानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"झाड मी मारलं," ती म्हणाली.

"तू कशाला मनाला लावून घेतेस? पाणी मीच घालत होतो."

"पाणी नाही. विष. तुम्ही बंदरात गेला होता तेव्हा. मागच्या बाजूनं."

सेराफिन उठला, बाहेर गेला. ती दारात उभी राहून बघत होती. त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून तो बुंध्याशी गुडघ्यांवर बसला आणि हातानं चाचपत गेला. शेवाळ निघालं, वाळका चिखल निघाला. खाच सापडली तेव्हा त्यानं तिच्यात अंगठा घातला आणि तसाच बसून राहिला. मग सरकत सरकत एकेक खाच चाचपली. सगळ्या बघून झाल्यावर गाई आणायला गेला.

पुढचे काही दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. तो समोर ठेवलेलं खायचा, ताट धुवायचा. झाडाखाली बसायचं त्यानं सोडलं. डबा टेबलावर होता तिथंच होता, झाकण लावलेला. ओब्दूलियाला वाटायचं त्यानं ओरडावं, निदान कोयता तरी फेकावा. तो कॉफीची झुडपं छाटत राहिला.

रविवारी ती कॉफी भाजायला बसली. चूल पेटवली, मातीची कढई चढवली. सेराफिन येऊन बाकावर बसला, कारण कॉफी भाजताना बसायची त्याची जागा तीच. ओब्दूलियाला राहवलं नाही.

"ते आपल्याकडचं नव्हतंच," ती म्हणाली. "लोह्याच्या कास्कारियाचं पान बोटाएवढं. मागं शिरांच्या कोपऱ्यांत बारीक खड्डे असतात. वडिलांनी मला दाखवलेलं. हिचं पान बघा, ताटाएवढं. तुम्ही रोप आणलंत त्याच दिवशी मी ओळखलं होतं. तुम्ही इतके खूश होता, म्हणून बोलले नाही."

"मला माहीत होतं," सेराफिन म्हणाला.

तिनं कढईतली पळी थांबवली.

"आंधळाही सांगेल, ताटाएवढं पान. मी दोनदा आपल्याकडचं बी आणलेलं, शर्टाच्या शिवणीत घालून. तुला सांगितलं नाही, बंदरात बाहेरच्या बियांसाठी झडती घेणाऱ्यांना कळलं असतं तर तुझ्या तोंडून कळलं असतं. दोन्ही वेळा उगवलं नाही. हे उगवलं." त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. "झाडाचं जाऊ दे. मेलं ते मेलं. तुझा डोंगर, तुझे पक्षी, तेही मला समजतं, मी काही धोंडा नाही. पण तू माझ्याशी भांडण केलंस आणि त्यात मला बोलावलंच नाहीस."

"किती दिवस सांगत होते मी तुम्हाला."

"सांगत होतीस. ती यादिरा सांगत होती. तो टोळीतला जाड्यासुद्धा कुंपणावरून सांगून गेला. विचारलं कोणी? बाबा रे, तुला काय वाटतं, कसं करू या, असं?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"नाही म्हणालो असतो," सेराफिन म्हणाला. "परत विचारलं असतंस तर परत नाही म्हणालो असतो. तिसऱ्यांदा कोणास ठाऊक."

कॉफी करपायला लागली होती. ओब्दूलियानं कढई उतरवली. तिला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही, धुरावर ढकललंही नाही. डोळे मनगटानं पुसून तिनं टेबलावरचा डबा उचलला आणि नवऱ्यासमोर बाकावर ठेवला.

"याचं काय करू या?" तिनं विचारलं.

उत्तर यायला वेळ लागला. बाहेर गाय हंबरली, कोंबड्या दारात येऊन गेल्या. ओब्दूलियाला चार वेळा तोंड उघडावंसं वाटलं. आपला उतार आठवला, बीळ आठवलं. तो नाही म्हणाला तर काय, हे तिला माहीत नव्हतं. तिनं हात मांडीखाली घातले आणि बसून राहिली.

सेराफिननं झाकण उघडलं. दोन बोटांत चिमूटभर बी घेऊन डोळ्यांजवळ नेलं, त्याला ते दिसलं असेल असं वाटत नाही. परत डब्यात टाकलं.

"चुलीत टाक," तो म्हणाला. "पण माझ्यादेखत टाक."

तिनं डबा चुलीवर उपडा केला. अर्धं बी क्षणात जळलं. बाकीचं, इतकं हलकं ते, धगीवर स्वार होऊन वर उसळलं आणि स्वयंपाकघरभर तरंगायला लागलं. काही कपटे सरळ उघड्या खिडकीकडं निघाले, बाहेर वारा होता.

सेराफिन गुडघ्यांवर हात टेकत उठला आणि त्यानं खिडकी लावून घेतली.